पेटीतल्या बाईचं काम

तांब्याची कांडी मुठीत आली आणि लाकूडवाल्याचा हात थांबला.

हॉलभर श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले. पुढच्या रांगेतल्यांनी त्यांना "बसा हो, बसा" म्हणून दटावलं आणि स्वतः उभे राहिले. लाकूडवाल्याचा उजवा हात गेलं वर्षभर मांडीवर टकटक करत होता, इतका की शेजारी पेपर वाचणारा माणूस पानं गोळा करून दुसरीकडे जाऊन बसायचा. तोच हात आता स्टेजवर, सगळ्यांच्या देखत, वीतभर कांडी धरून गप्प बसला होता. लाकूडवाला स्वतःच्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत होता.

"पुढच्याला द्या!" शांतहस्त सर गरजले. "ऊर्जा अडवून ठेवायची नसते. पुढे द्या, पुढे द्या!"

लाकूडवाल्याने नाइलाजाने मूठ उघडली. कांडी शेजारच्या निवृत्त टायपिस्टबाईंच्या हातात गेली. त्यांचाही हात थांबला. टाळ्या पडल्या. मागे कुठेतरी लाउडस्पीकरवर बासरी सुरू झाली.

"कंप हा आजार नाही, मित्रहो!" सरांनी दोन्ही हात पसरले. त्यांचे कपडे पांढरे, दात पांढरे आणि आवाज मधात बुडवून काढलेला. "कंप हा निरोप आहे. शरीर दार ठोठावतंय. आणि तुम्ही काय करता? गोळी घेता! पाहुण्याच्या तोंडावर दार आपटता! मी काही करत नाही. कांडीसुद्धा काही करत नाही. करते ती तुमची पेशी. तिला फक्त तिच्या मूळ फ्रीक्वेन्सीची आठवण करून द्यायची."

कुठली पेशी आणि कसली फ्रीक्वेन्सी, हे विचारायची सोय नव्हती, कारण नेमक्या त्याच वेळी बासरीचा आवाज वाढायचा.

तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. त्यांना सगळं गाव 'जादूगार' म्हणायचं आणि त्यांचा धंदाही तोच होता. तीस वर्षं त्यांनी टोपीतून कबुतरं काढली, लोकांच्या खिशातली घड्याळं पळवली आणि दर प्रयोगाच्या शेवटी एका बाईला पेटीत घालून करवतीने कापलं. त्यांच्या पोस्टरवर नावाखाली एक ओळ असायची : 'जगाला फसवणारा, जगाला न फसणारा.' ही ओळ त्यांनी स्वतःच सुचवली होती आणि स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवला होता.

आज त्यांचाही डावा हात मांडीवर थरथरत होता. पण डोळे पूर्वीसारखेच चोख होते आणि ते शांतहस्त सरांच्या बाह्यांवर खिळले होते. बाह्या आखूड. म्हणजे आत काही लपवलेलं नाही. दोरा नाही. आरसा नाही. मागच्या खेपेला चष्मा पाडल्याचं निमित्त करून ते टेबलाखाली वाकून आले होते. टेबलाखाली धूळ होती आणि चष्मा होता. त्याच्या आधीच्या खेपेला खिशात लोहचुंबक नेऊन गुपचूप कांडीला लावून पाहिलं होतं. कांडी अस्सल तांब्याची निघाली.

जादूगारांच्या हिशेबी जगात दोनच शक्यता होत्या. युक्ती असेल तर ती त्यांना सापडणार. सापडली नाही तर ती नाहीच. युक्ती आहे आणि आपल्याला दिसत नाही, ही तिसरी शक्यता त्यांच्या अभिमानाला परवडणारी नव्हती. तेव्हा चमत्कार खरा होता. इतका साधा प्रश्न, इतकं साधं उत्तर, आणि इतका मोठा गाढव, असं पुढे ते स्वतःबद्दल म्हणायचे. पण ते पुढे.

आजार कळला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "पार्किन्सन्स आहे. मेंदूत एक रसायन कमी पडतंय. गोळीने ते भरून काढता येतं, रोजच्या चालण्याने आणि व्यायामाने अंग मोकळं राहतं. बरीच वर्षं नीट जगता येतं. मुळापासून मात्र बरं होत नाही." जादूगारांनी या पाच वाक्यांपैकी फक्त शेवटचं ऐकलं, त्यापुढचं पथ्यपाणी कानाआड केलं आणि घरी येऊन फोन उघडला.

फोनमध्ये सगळं बरं होत होतं. मग त्यांनी केळ्याच्या साली उकळून त्यांचं पाणी प्यायलं. तांब्याच्या तारांचे पायमोजे घातले, ते टोचले. कुणीतरी लिहिलं होतं की उलटं चालल्याने मेंदू ताजा होतो, म्हणून रोज सकाळी जिन्यासमोरच्या बोळातून उलटे चालू लागले, आणि कचऱ्याची बादली घेऊन निघालेल्या शेजारच्या काकूंना पाठीने धडकले. कमरेला चुंबकाचा पट्टा बांधला, तर घरातल्या किल्ल्या सापडेनाशा झाल्या. शेवटी त्या त्यांच्याच पाठीला चिकटलेल्या मिळाल्या. बायकोने किल्ल्या सोडवल्या आणि खुंटीला लावल्या.

त्यातच शांतहस्त सर भेटले आणि इतर सगळे उपाय अडगळीत गेले.

सरांचा कार्यक्रम व्यवस्थित होता. आधी रात्रीची गोळी बंद. मग दुपारची. सकाळची फक्त सभेच्या दिवशी, आणि तीही 'निरोपाची गोळी' म्हणून : उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पोटात दुसरं काही नको, दूध नाही, अंडं नाही, "तुझी सोबत संपत आली" असं तिला मनात म्हणायचं आणि मग चालत हॉलवर यायचं. हॉलवर सर टाळीचा ठेका धरायचे, त्या ठेक्यावर सगळ्यांनी चालायचं, आणि मग कांडी. सभेच्या दिवशी जादूगार खरंच मोकळे चालायचे. बाकीच्या दिवशी शर्टाचं एक बटण लावता लावता सकाळ जायची. याचं उत्तरही सरांकडे होतं. "सभेत मी असतो. घरी तुमची शंका असते."

त्या दिवशी सभा संपल्यावर सर स्वतः तिसऱ्या रांगेपाशी आले.

"रविवारी मुक्तीसभा आहे," ते म्हणाले. "स्टेजवर मोठी काचेची बरणी ठेवणार आहोत. सगळे आपापल्या उरलेल्या गोळ्या त्यात टाकणार. कायमच्या. त्याआधी तुम्ही दोन शब्द बोलायचे."

"मी काय बोलणार?"

"इतकंच, की मी सगळं आयुष्य हातचलाखीत घालवलं, मी जवळून पाहिलं, आणि यात चलाखी नाही. बाकीचे लोक भक्तीने बोलतात. तुम्ही जाणकार."

'जाणकार' हा शब्द जादूगारांच्या कानातून थेट डोक्यात गेला आणि तिथे ऐसपैस बसला. ते हो म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर कंडक्टर वाट बघत होता. त्याची आणि जादूगारांची ओळख डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर झाली होती. आयुष्यभर बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून ओरडलेला हा माणूस आता दाराच्या उंबऱ्यापाशी आला की जागच्या जागी खिळायचा आणि त्याचं त्यालाच हसू यायचं. आज मात्र तो हसत नव्हता.

"बोलणार ना रविवारी?" त्याने विचारलं.

"विचारलंय त्यांनी."

"माझी मुलगी म्हणते, बाबा, गोळ्या सोडू नका. मी तिला म्हटलं, जादूगाराला विचारतो. त्याला कोण फसवणार?" त्याने खिसा थोपटला. "तू हो म्हणालास की ही सगळी पाकिटं बरणीत. कंटाळा आलाय रे. घड्याळाला बांधल्यासारखं झालंय आयुष्य."

"बघू रविवारी," जादूगार म्हणाले. आवाजात जरा मोठेपणाच होता. दुसऱ्याचा जीव आपल्या शब्दावर टांगलेला आहे याची काळजी वाटायच्या ऐवजी त्यांना ऊब वाटली. नंतर त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

दुसऱ्या दिवशी सभा नव्हती. सकाळी जादूगार न्हाणीघरात वळायला गेले आणि पाय वळलेच नाहीत. अंग वळलं, पाय मागे राहिले. कपाळ नळावर आपटलं. बायकोने धावत येऊन त्यांना बसवलं, कपाळावर ओलं फडकं दाबलं. फडक्याखाली टेंगूळ चढत होतं.

"शंका नडली," जादूगार कण्हत म्हणाले.

"कसली शंका? नळाबद्दल?"

"तुला नाही कळायचं. कांडी आण माझी." सरांच्या दुकानातून त्यांनी स्वतःपुरती एक कांडी आणली होती.

बायकोने कांडी आणली, पण दिली नाही. पेटीत घालून करवतीने जिला कापलं जायचं ती हीच. तीस वर्षं रोज दोन तुकडे होऊनही तिचं डोकं जागेवर होतं.

"एक खेळ करू," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधते. तीन टॉवेलांत तीन वस्तू गुंडाळते. त्यातली एक कांडी. एकेक हातात देते. हात थांबला की सांगायचं."

जादूगारांना टेंगळातही हुरूप आला. "कपाटातली माझी काळी पट्टी घे."

"ती नको. तिच्यातून आरपार दिसतं. शिवलीय मीच." तिने स्वयंपाकघरातलं जाड फडकं घेतलं आणि करकचून बांधलं.

पहिला टॉवेल हातात आला. जादूगारांनी मूठ वळली. थरथर मंदावली आणि थांबली. "थांबला."

"बरं. दुसरा."

दुसरा टॉवेल. हात थांबला. जादूगार थोडे गोंधळले. "यातही थोडं जाणवतंय."

"तिसरा."

तिसरा टॉवेल हातात येताच मात्र त्यांना खात्री पटली. बोटांत गरमी पसरली, दंडातून काहीतरी वर सरकल्यासारखं झालं, हात अगदी शांत झाला. "हीच! हीच कांडी! काय शक्ती आहे बघ. आधीच्या दोन्हींमध्ये हे नव्हतं. अगं, जाणकाराला कळतं!"

बायकोने फडकं सोडलं. जादूगारांनी टॉवेल उलगडला. त्यांच्या मुठीत संडास घासायचा ब्रश होता.

तेवढ्यात ब्रश धरलेला हात हळूहळू पुन्हा थरथरू लागला. बायकोने इतर दोन टॉवेल उघडून दाखवले. एकात छत्री होती. पहिल्यात कांडी होती.

"पण हात थांबला होता," जादूगार म्हणाले. आवाज शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा.

"थांबतोच. तुम्ही पेपर उचललात तरी थांबतो, चष्मा उचललात तरी थांबतो. रिकामा मांडीवर पडला की हलतो. मी रोज बघते. तुम्ही आपल्या हाताकडे बघताच कुठे, तुम्ही बघता त्याच्या बाह्यांकडे." तिने ब्रश काढून घेतला. "मला एक सांगा. पेटीत मी असायचे तेव्हा लोक कुणाकडे बघायचे?"

"माझ्याकडे."

"आणि काम कोण करायचं?"

तीस वर्षांत हा प्रश्न घरात कधी विचारला गेला नव्हता. करवत फिरायची तेव्हा आत गुडघे छातीशी घेऊन, मान मोडेस्तोवर वळून, श्वास कोंडून बसायची ती. बाहेर जादूगार नुसते हात हलवायचे. "तू," ते म्हणाले.

"मग आता पेटीत कोण आहे?"

जादूगारांनी आपल्या हाताकडे पाहिलं. सर नुसती कांडी फिरवत होते. सगळं काम त्यांचा स्वतःचा हात करत होता, आणि श्रेय मात्र आखूड बाह्यांचा माणूस घेऊन जात होता. धंद्यातली सगळ्यात जुनी चाल, आणि ती त्यांच्यावर फुकटात चालली होती. त्यांना संताप आला, पण त्याहून जास्त धंद्याच्या दृष्टीने कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटल्याचा पुन्हा संताप आला.

"पण सभेच्या दिवशी मी चालतो त्याचं काय?" त्यांनी शेवटचा किल्ला लढवून पाहिला. "तू बघितलंयस मला चालताना."

"ते मला नाही सांगता येणार. ज्यांना येतं त्यांना विचारू."

डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळ तपासलं, मग हात-पाय वाकवून पाहिले, आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत ते ऐकून पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या. आरडाओरडा न करता, हळू आवाजात रागावल्या, ते जास्त लागलं.

"ही गोळी अशी मनाने सोडायची नसते. अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, माणूस हॉस्पिटलात जातो आणि कधी कधी परत येत नाही. तुमचं निम्म्यावर निभावलं. नशीब म्हणा."

"चुकलो," जादूगार म्हणाले. "पण बाई, एक सांगा. सभेच्या दिवशी मी मोकळा का होतो?"

"सभेच्या दिवशी सकाळपासून काय काय करता? क्रमाने सांगा."

जादूगारांनी सांगितलं. उठल्यावर नुसतं पाणी. रिकाम्या पोटी गोळी. दूध नाही, अंडं नाही. मग हॉलपर्यंत चालत, पोचायला पाऊण तास. मग ठेक्यावर चाल.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

"अहो, हे तर मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं! गोळी रिकाम्या पोटी घ्या, दूध-अंड्याबरोबर घेऊ नका, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. पाऊण तासात तिचा अंमल सुरू होतो. रोज चाला. पाय अडला तर टाळी वाजवा, मोजा, गाणं म्हणा, ठेक्यावर पाय सुटतो. तुम्ही काय करत होता आतापर्यंत?"

सर भेटेपर्यंत जादूगार गोळी आठवेल तेव्हा, भल्यामोठ्या दुधाच्या पेल्याबरोबर घेत होते, कारण त्यांना वाटायचं औषध गरम पडतं. आणि सरळ चालायला त्यांना वेळ नव्हता, कारण फोनवर उपाय शोधायचे असत.

"म्हणजे त्या माणसाने तुमचीच गोळी, माझ्याच पद्धतीने तुम्हाला दिली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त शेवटी कांडी फिरवली. गोळी लागू पडते नेमकी त्या वेळेला सभा, आणि जी घेतलीच नाही तिच्या वेळेला घर. मग सभेत चमत्कार आणि घरी शंका."

जादूगारांच्या डोळ्यांसमोर कंडक्टरची खिसा थोपटणारी बोटं आली. "बाई, ती गोळी रविवारी सगळे बरणीत टाकणार आहेत. आणि टाका म्हणून सांगणार आहे मी."

"सांगा की," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "सांगणार आहात तुम्हीच. पण काय, ते आता ठरवू."

रविवारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजच्या मधोमध काचेची बरणी, तिच्यावर दिव्यांचा झोत. बासरीच्या जागी आज ढोल होता. सरांनी जादूगारांची ओळख 'चलाखीचा राजा' अशी करून दिली. कपाळावर पट्टी असल्याने राजा जरा गरिबीत आलेला दिसत होता.

पहिल्या रांगेत कंडक्टर होता. मांडीवर पाकिटांची पिशवी.

"मी यात चलाखी शोधत होतो," जादूगारांनी माइक हातात घेतला. "सरांच्या बाह्यांत शोधली, टेबलाखाली शोधली. सापडली नाही, कारण ती तिथे नव्हतीच." सरांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. "आता सगळ्यांनी एक करा. ज्यांचा हात थरथरतोय त्यांनी हाताला लागेल ती वस्तू धरा. पर्स, चष्म्याची डबी, पायातला बूट, काहीही. घट्ट."

लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. हॉलभर खसखस पिकली. लाकूडवाल्याने बूट उचलला. टायपिस्टबाईंनी पर्स धरली. आणि एकेक करत बहुतेक हात थांबले. कुणी हसलं, कुणी शेजाऱ्याला दाखवू लागलं. टायपिस्टबाई पर्स उलटीसुलटी करून बघू लागल्या, आत कुणी कांडी तर टाकली नाही ना म्हणून.

"बुटातही फ्रीक्वेन्सी आहे बरं का," जादूगार म्हणाले. "माझ्या घरी तर संडासच्या ब्रशात सापडली. मी शपथेवर सांगितलं होतं की हीच खरी. आता सोडू नका. धरून ठेवा. थोडा वेळ थांबा."

हॉल थांबला. आणि हळूहळू बूट हलू लागला, पर्सची कडी वाजू लागली, डब्या थरथरू लागल्या.

"कुठल्याही कामाला लागला की हा हात थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. या आजाराची ही सवयच आहे. आता आठवा, सर कांडी कधी काढून घ्यायचे? 'पुढच्याला द्या, ऊर्जा अडवू नका!' हात पुन्हा हलायच्या आत!"

"ही शंका बोलते आहे!" सरांनी माइककडे हात नेला. "मित्रहो, यांचं कपाळ बघा! शंकेने माणूस पडतो!"

"गोळी नसल्याने पडलो," जादूगारांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. तेवढी हातचलाखी अजून शिल्लक होती. "आता शेवटचं. आज सकाळी जे उपाशीपोटी गोळी घेऊन, चालत इथे आलेत त्यांनी हात वर करा."

जवळजवळ सगळा हॉल वर झाला. लोकांनी आधी समोर पाहिलं, मग वर केलेल्या हातांच्या जंगलाकडे, मग एकमेकांकडे. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ढोलवाला वाजवायचा थांबला, कारण त्याचाही हात वर होता.

"ही गोळीच आपली पेटीतली बाई," जादूगार म्हणाले. "सगळं काम ती करते. आणि आज तुम्ही तिलाच बरणीत बुडवायला निघालात. मला शहाणपण शिकवायचं नाही. या हॉलमध्ये माझ्याएवढा मूर्ख कुणी नाही, मी चुंबकाच्या पट्ट्याने घरातल्या किल्ल्या पळवलेला माणूस आहे. पण एवढं करा. कुणी उपाय सांगितला की म्हणा, टॉवेलात गुंडाळून बघू. तयार झाला तर तपासा. चिडला तर घरी जा. चाला, टाळी वाजवा, गाणी म्हणा, ते सगळं खरं आहे आणि फुकट आहे. गोळीत फरक करायचा तर जिने दिली तिला विचारून करा. आणि कुणी म्हणालं की तुमच्या शंकेमुळे औषध लागू पडत नाही, तर समजा ते औषधच नाही. खऱ्या औषधाला तुमच्या श्रद्धेशी काही देणंघेणं नसतं."

गोंधळ झाला. काही लोक टाळ्या वाजवत होते, काही सरांभोवती जमले होते. एका बाईने जादूगारांकडे न बघता येऊन बरणीत पाकीट टाकलंच. सर बरणीच्या एका बाजूला उभं राहून शांतपणे हसत होते. असल्या माणसांचं एका दुपारी काही बिघडत नाही. जादूगारांना वाटलं होतं आपण खाली उतरू तेव्हा लोक खांद्यावर घेतील. कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

कंडक्टर बरणीपाशी येऊन उभा होता. पिशवी हातात.

"म्हणजे बरं होणारच नाही?" त्याने विचारलं.

आयुष्यभर जादूगारांनी लोकांना हवं तेच दाखवलं होतं. आताही जिभेवर दोन-चार गोड वाक्यं तयार होती. त्यांनी ती गिळली.

"नाही," ते म्हणाले.

"हे सांगायला माइक लागला तुला?" कंडक्टरचा आवाज फुटला. "तो निदान बरा होशील म्हणत होता. रोज सकाळी उठायला काहीतरी होतं मला. ते पण काढून घेतलंस."

"घेतलं खरं."

"मग त्याच्या बदल्यात काय देतोस?"

"काहीच नाही माझ्याकडे. गोळी बरं करत नाही, पण बटण लावू देते. लेकीबरोबर चालू देते. मी सभेच्या दिवशी जसा चालायचो ना, तसा रोज चालू शकलो असतो रे. इतके महिने. मीच चाललो नाही." जादूगारांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "तू माझ्यासारखं करू नकोस. तेवढंच मागतो."

कंडक्टरने बरणीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दुपार झाली होती. मग त्याने पिशवीत हात घालून एक पाकीट बाहेर काढलं.

"पाणी आण," तो शेवटी म्हणाला. "वेळ झाली माझी."

जादूगारांनी कोपऱ्यातल्या नळावरून पेला भरला आणि गर्दीतून वाट काढत ते परत निघाले. हात थरथरत होता, निम्मं पाणी लोकांच्या अंगावर आणि स्वतःच्या शर्टावर सांडलं. उरलं तेवढं एका गोळीला पुरलं.